बिनखोकल्याची चार मिनिटं

आधी एक कोडं घ्या. दोन मुलं शेजारी-शेजारी खुर्चीत बसली आहेत. दोघंही जराही हालत नाहीत. दोघांच्याही नाडीचे ठोके मंद झाले आहेत. त्यांतलं एक कंटाळून पेंगायला लागलं आहे आणि दुसऱ्याचा जीव समोरच्या गोष्टीत अडकला आहे. त्यांना काहीही न विचारता, कोण कोणतं ते कसं ओळखाल? सांगलीतल्या एका चित्रशाळेत (चित्रपट तयार करतात ती जागा) भल्याभल्यांना हे ओळखता आलं नाही, आणि त्यापायी एक सुंदर गोष्ट हातची गेली. त्यात थोडा वाटा सातवीतल्या चारुता आवटीचाही होता, आणि तीच गोष्ट तिला खात होती.

साल २०४३. त्या रविवारी 'दूरदीप' चित्रपट लागला. 'दूरदीप' ही मूळची मांगा (जपानी पद्धतीची चित्रकथा, ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात). चारुतानं तिचं मराठी भाषांतर इतक्यांदा वाचलं होतं, की पुस्तकाची पानं शिवणीतून सुटली होती. एका दूरच्या ग्रहावर, ओसाड समुद्राकाठी एक दीपगृह आहे. तिथं तोमो नावाचा यंत्रमानव रोज संध्याकाळी दिवा लावतो. कारण गेलेलं यान परत येणार आहे, असं त्याला सांगितलेलं आहे. सहाव्या भागात सलग अकरा पानं अशी आहेत, की त्यांवर एक शब्द नाही. यान आता येणार नाही, हे तोमोला कळतं. तो नुसता बसून राहतो. उजेड हळूहळू जातो. मग तो उठतो आणि दिव्याची काच पुसतो. बस्स, एवढंच.

चित्रपटावर पैसा पाण्यासारखा ओतला होता. चारशे कलावंत दोन वर्षं राबले होते. यानं फुटली की त्यांचे तुकडे थेट प्रेक्षकांच्या नाकापर्यंत यायचे, खुर्च्या गदागदा हलायच्या, समोरून खारा वारा सुटायचा. लोकांनी शिट्ट्या मारमारून थिएटर डोक्यावर घेतलं.

"एक नंबर! काय ते स्फोट!" बाहेर पडताना एक मुलगा ओरडत होता.

"माझे तर कानच बसले," त्याची बहीण कौतुकानं म्हणाली.

पण समोरच्या गाड्यावर भडंगाच्या पुड्या हातात पडल्या आणि बोलणं उद्याच्या गणिताच्या परीक्षेवर गेलं. पाच मिनिटांत 'दूरदीप' संपला होता. एक आजीबाई तेवढ्या अजून विचारात होत्या. त्यांनी नातवाला विचारलं, "शेवटी तो लोखंडी पोरगा दिवा का पुसत होता रे?"

"काय की. असंच," नातू म्हणाला.

चारुतानं आपली पुडी न उघडताच खिशात टाकली. कारण तोमो दिवा का पुसतो, हे ज्या भागात कळतं, तो चित्रपटात नव्हताच! सहा महिन्यांपूर्वी झालेल्या चाचणी खेळात (चित्रपट लोकांपुढे नेण्याआधी थोड्या प्रेक्षकांना दाखवून पाहतात, तो खेळ) मात्र तिनं तो डोळ्यांनी पाहिला होता. पूर्ण चार मिनिटं. आणि तेव्हा तिनं काय केलं होतं, तेही तिला चांगलं आठवत होतं.

ती तशीच सुमेधाआत्याकडे गेली. 'दूरदीप' जिथं तयार झाला, त्या चित्रशाळेत सुमेधाआत्या शास्त्रज्ञ होती. प्रेक्षकांना काय आवडलं आणि काय नाही, ते यंत्रांनी मोजायचं, हे तिचं काम.

"आत्या, तोमोची चार मिनिटं कुठं गेली?"

आत्यानं चहाचा कप खाली ठेवला. "कापली. तुम्ही पोरांनीच कापायला लावलीत की! एकशेवीस मुलांपैकी सत्त्याऐंशी जणांनी पिवळं बटण दाबलं होतं."

खुर्चीच्या हातावर दोन बटणं होती. आवडलं की हिरवं, कंटाळा आला की पिवळं.

चारुताची मान खाली गेली. "त्यात एक मी होते," ती पुटपुटली. "पण मला कंटाळा नव्हता आला, आत्या. मला रडू आलं होतं. शेजारच्या मुलानं विचारलं, 'रडतेस काय गं?' त्यानं पिवळं दाबलं, त्याच्या पलीकडच्यानं दाबलं. मग मीपण दाबलं. मी खोटं बोलले."

आत्या म्हणाली, "बटणांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. माणसं एकमेकांकडे बघून दाबतात, हे आम्हाला ठाऊक असतं. पण तुमच्या मनगटावर पट्टी होती ना? तिनंही तेच सांगितलं. त्या चार मिनिटांत सगळ्यांच्या नाडीचे ठोके खाली आले आणि कुणाचा हातसुद्धा हलला नाही. स्फोटांच्या वेळी ठोके उड्या मारत होते. इथं रेघ एकदम आडवी पडली. आम्ही म्हटलं, पोरं पेंगली."

"पण मी तर श्वाससुद्धा घेत नव्हते!"

आत्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. मग उठून तिच्या मनगटावर तसलीच एक पट्टी बांधली आणि शिवणाच्या डब्यातली सुई आणि दोरा आणला. "ओव बघू."

चारुतानं दोरा ओला केला, सुई डोळ्यांपुढे धरली आणि तिसऱ्या खेपेला दोरा आत गेला.

"आता मी काय पाहिलं, ते सांगते. पहिली गोष्ट, तू एकदम स्तब्ध झालीस. दुसरी, तुझ्या पट्टीवर ठोके कमी झाले. हे बघ. आपण एखाद्या गोष्टीकडे मन लावून बघतो, तेव्हा शरीर बाकीची गडबड थांबवतं. मग मला सांग, तुला दोरा ओवायचा कंटाळा आला होता का?"

"छे!"

"आणि तरी माझ्या यंत्रानं 'कंटाळा' असंच लिहिलं असतं. एकच आकडा दोन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकतो, चारू. अंग गरम लागलं तर ताप असेल, नाहीतर उन्हातून खेळून आली असशील. आकडा खरा असतो, पण कारण तो स्वतः सांगत नाही. कारण शोधायला आणखी एक, वेगळं माप लागतं." आत्याचा आवाज बारीक झाला. "हे मी कॉलेजातल्या मुलांना शिकवते बघ. आणि स्वतःच विसरले."

"मग ते दुसरं माप कुठलं?"

"तिसरी गोष्ट सांगायची राहिली. दोरा ओवताना तुझी पापणी लवली नाही. एरवी ती मिनिटाला दहा-पंधरा वेळा लवते. पण महत्त्वाचं काही डोळ्यांआड होऊ नये म्हणून मेंदू तिला थोपवून धरतो, आणि काम झालं की सोडतो." बोलता बोलता ती थांबली. "अगं, चाचणीला तुम्ही चष्मे लावले होते! चित्र नीट जुळावं म्हणून ते चष्मे डोळ्यांवर लक्ष ठेवतात. म्हणजे पापण्यांची नोंद तिथं पडून असणार. आजवर ती कुणी उघडलीच नाही."

दुसऱ्या दिवशी चित्रशाळेत दोघींनी ती नोंद उघडली. पडद्यावर एकशेवीस ओळी आल्या, एकेका मुलाची एक. पापणी लवली तिथं एक ठिपका.

आधी आत्यानं ग्रहमंडळाच्या सभेतलं लांबलचक भाषण काढलं. ते अजूनही चित्रपटात होतं. तिथं ठिपके वाटेल तसे सांडले होते. "हा खरा कंटाळा," आत्या म्हणाली. "कंटाळलेला माणूस आपापल्या वाटेनं जातो. कुणाला डबा आठवतो, कुणाला घर. म्हणून पापण्याही ज्याच्या त्याच्या वेळी लवतात."

मग तोमोची चार मिनिटं आली. पडदा जवळजवळ कोरा होता. मधेच, तोमोनं मान खाली घातली आणि दृश्य बदललं, तिथं ठिपक्यांची एक उभी रांग उमटली होती. मग पुन्हा कोरं. पुढंही दर वेळी दृश्य बदललं की तशीच रांग, आणि शेवटी काच पुसायला तोमो उठला, तिथंही. शंभरावर मुलं एकाच क्षणी पापणी लववत होती, कुणी न सांगता.

"याला समलय म्हणतात (पुष्कळ जणांची शरीरं एकाच तालात चालणं)," आत्या हळूच म्हणाली. "सगळ्यांचं मन एकाच जागी असलं, तरच हे होतं. यात तो तुझ्या शेजारचा मुलगाही आहे बघ. ओळ सत्तेचाळीस."

चारुतानं ओळ सत्तेचाळीस पाहिली, मग आपली अठ्ठेचाळीस. दोन्ही हुबेहूब सारख्या होत्या. म्हणजे तोही खोटंच बोलला होता! तिला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

"मग आता तो भाग परत घाला ना!"

"चित्रपट तीन हजार पडद्यांवर गेला, बाळा. आता तो माझ्या हातात नाही. आणि मालकांना स्फोटांचे आकडे आवडलेत." आत्या खिडकीबाहेर बघत राहिली. "मला त्याहून वाईट वाटतंय ते लोंढेकाकांचं. ती चार मिनिटं त्यांनी रंगवली होती. नुसता मावळता उजेड. चौदा महिने. 'मुलं कंटाळली' हा कागद मीच त्यांना वाचून दाखवला. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी काम सोडलं."

चारुतानं तेव्हाच ठरवलं, की लोंढेकाकांना आपण स्वतः सांगायचं.

रमाकांत लोंढे मिरजेला राहायचे. तरुणपणी ते नाटक मंडळींचे पडदे रंगवायचे. चारुता आत्याला घेऊन तिथं गेली, तेव्हा दार त्यांनीच उघडलं. घरात रंगाचा वास नव्हता. कोपऱ्यात ब्रशांची जुडी दोरीनं घट्ट बांधून ठेवली होती. चारुतानं वाटेत सगळं घोकून ठेवलं होतं, पण ती जुडी पाहिली आणि सगळं विसरली. "काका, मी पिवळं बटण दाबलं होतं," एवढंच कसंबसं तोंडातून निघालं, आणि मग बाकीचं रडत रडत.

आत्यानं ठिपक्यांचा कागद पुढे केला. लोंढेकाकांनी तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

"मला ठाऊक होतं की गं हे," ते म्हणाले.

"कसं काय?" आत्यानं विचारलं.

"नाटकवाल्याला खोकला समजतो, बाई. प्रेक्षक कंटाळला की आधी त्याच्या घशात खवखव होते. एक खोकला, की मागून दुसरा. आमचे मालक विंगेत उभं राहून खोकले मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढा प्रवेश छाटायचे. त्या चाचणीला मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. त्या सभेच्या भाषणात बावीस खोकले झाले. माझ्या चार मिनिटांत एकही नाही. एवढी एकशेवीस पोरं, ते पण थंडीचे दिवस, आणि एकही नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुमचा कागद बघितला. एवढी देखणी रंगीत रेघ! मला वाटलं, कान म्हातारे झाले आपले." ते उगाच हसले. "चाळीस वर्षं खोकले ऐकलेले कान माझे, आणि मीच त्यांना खोटं पाडलं."

"रेघ खोटी नव्हती, काका. मी तिला अर्धाच प्रश्न विचारला. चूक माझी आहे."

तिघांपाशीही खऱ्याचा एकेक तुकडा होता, आणि तिघांनीही तो ऐन वेळी बाहेर काढला नव्हता. आता सांगून तोमोची चार मिनिटं काही पडद्यावर येणार नव्हती.

थोड्या वेळानं काकांनी ट्रंकेतून अकरा कच्ची चित्रं काढली आणि जमिनीवर उजवीकडून डावीकडे मांडली. तिघं खाली बसून बघत राहिली. उजेड एकेका चित्रात थोडाथोडा कमी होत गेला.

"तुला कुठं रडू आलं होतं?" काकांनी विचारलं.

चारुतानं सातव्या चित्रावर बोट ठेवलं.

"मला वाटायचं, तिथं मी फार वेळ काढला."

"नाही. अजून थोडं हवं होतं."

काका त्या चित्राकडे बघत बसले. "हे तू तेव्हा सांगायला हवं होतंस, पोरी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण चारुताला ते आयुष्यभर पुरणार होतं.

निघताना आत्या दारात घुटमळली. "काका, आता पापण्याही मोजणार आहे मी. बटणं काढून टाकते. पण मागच्या भिंतीपाशी एक खुर्ची ठेवली, तर याल का? मला खोकले मोजणारा माणूस हवाय."

"खुर्ची कशाला? उभं राहून जास्त ऐकू येतं," काका म्हणाले. ब्रशांची जुडी मात्र त्यांनी सोडली नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

चार महिन्यांनी दुसऱ्या एका चित्रपटाचा चाचणी खेळ होता. लोंढेकाका मागच्या भिंतीला टेकून, डोळे मिटून उभे होते. मधेच एक छोटासा, शांत प्रसंग आला. एक आई अंतराळात निघालेल्या मुलीच्या वेणीला शेवटची गाठ मारत होती. सभागृहात कुणीही खोकलं नाही. दिवे लागले, तेव्हा चारुताचे गाल ओले होते. शेजारच्या अनोळखी मुलीनं तिच्याकडे वाकून विचारलं, "अय्या, रडतेस काय गं?"

चारुतानं गाल पुसले नाहीत.

"हो," ती म्हणाली, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.