दुसरी घागर

"तुझ्या वडिलांच्या फौजेतल्या नंबरावर दाखला निघालाय, पोरी. मागच्या मंगळवारीच."

पुनम खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "कुणाच्या नावाने?"

हिलाल नानांनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. नायक नवल पाटील, निवृत्त, सोनगीर. नंबराचा शेवट ४१७. पाल्य: दीपक, दत्तक मुलगा.

दीपक म्हणजे तिचे काका रुपचंद यांचा मुलगा. त्याला दत्तक घेतल्याचं ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

धुळ्यातलं हे माजी सैनिक मदत केंद्र नाना एकहाती चालवत. फौजेत बावीस वर्षं कागदच तपासले, त्यामुळे कागदाने आपल्याला कोणी फसवणार नाही असा त्यांना फार गर्व. इथल्या दाखल्यावर सैनिकाच्या मुलांना कॉलेजात राखीव जागा मिळे, फी माफ होई. मुदत उद्या संध्याकाळी संपत होती. एका नंबरावर एकच दाखला मिळे, आणि आधीचा रद्द करायला सैनिकानेच येऊन सही करायला हवी होती.

"मला बाबांची एक सही हवी आहे, नाना. बाकी काही नको," पुनम म्हणाली. ती आईजवळ नशिराबादला राहायची. आईवडिलांचं पटत नव्हतं, पण बाप लेकीला दर रविवारी फोन करायचा. "काका म्हणतात, ते होळीपासून सुरतेला वॉचमन आहेत. तेव्हापासून फोन उचलत नाहीत. मेसेज तेवढे येतात."

कालचाच मेसेज होता: 'आखाजीला येणं जमणार नाही. अभ्यास कर.'

नानांनी रजिस्टर परत आपल्याकडे ओढलं. मंगळवारी रुपचंद अर्ज घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, नवल घरीच आहे, पाय मुरगळलाय. जुनी ओळख म्हणून नानांनी 'सैनिक समक्ष हजर' या ओळीखाली डोळे झाकून सही ठोकली होती. समक्ष कोणीच नव्हतं.

सुरतेतल्या माणसाचा पाय सोनगीरला कसा मुरगळला?

"चल," नाना म्हणाले.

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. नानांनी सकाळीच बायकोच्या नावाने घागर भरली होती. घागरीवर लोटा, लोट्यावर खरबूज. मेलेल्या माणसाला ऐन उन्हाळ्यात पाणी मिळावं, म्हणून खानदेशात ती घरोघर भरतात. सणाचा दिवस, सोनगीरच्या शेतांत चिटपाखरू नव्हतं.

रुपचंदच्या अंगणात दोन म्हशी भर उन्हात बांधलेल्या होत्या. मागे गोठा रिकामा, दाराला कुलूप.

"म्हशी उन्हात का, भाऊ?" नानांनी ओट्यावर बसलेल्या रुपचंदला विचारलं.

"गोठामा नवा कोबा करेल शे. घसरतीन."

"कव्हय करा?"

"होळीनंतर."

दीड महिन्याचा कोबा अजून नवाच. नानांनी पागोट्याच्या टोकाने घाम पुसला. ओट्यावरच्या खाटेवर नवलची म्हातारी आई बसली होती. तिने पुनमचा हात चाचपला आणि विचारलं, "नवल उना का वं?" बाबा अजून आले नाहीत, असं सांगून पुनम तिच्याजवळ टेकली.

"नवल मंगळवारी घर व्हता ना?" नानांनी विचारलं.

"दोन दिन उंथा. परत गया."

"मुरगळेल पाय लिसन?"

"मीच बसमा बसाडं."

"आणि होळीले गया तव्हय संगे काय लिधं?"

"बठ्ठं लई गया. पेटी, बिछाना, चहाना मग बी. मग सोडीसन तो कोठे जातच नही."

ते खरं होतं. फौजेतला पांढरा मग, त्यावर काळ्या रंगाने नंबर. पुनम लहानपणी त्यातूनच दूध प्यायची.

"पाणी पितो," म्हणून नाना आत गेले. भिंतीवर हार घातलेला फोटो एकच, रुपचंदच्या वडिलांचा. त्याखाली मात्र घागरी दोन होत्या. एक जुनी, तिच्यावर तांब्याचा लोटा. दुसरी कोरी लाल. तिच्यावर लोट्याच्या जागी पांढरा मग, मगावर खरबूज.

नानांनी मग थोडा फिरवला. शेवटचे आकडे ४१७.

चुलीपाशी रुपचंदची बायको प्रमिलाबाई सांजोऱ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. नानांनी तिथूनच पोलीस ठाण्यात फोन केला आणि ते बाहेर आले.

"रुपचंदभाऊ, घरात मेलेलं माणूस एक. मग घागरी दोन कशा?"

"बायकास्नं खूळ. वाडवडिलांनी व्हई."

"वाडवडिलांच्या घागरीवर नवलचा मग? जो सुरतेला गेला म्हणता तो?"

रुपचंद उठला. नाना दारातून हलले नाहीत.

"ऐका. दीपकला राखीव जागा हवी होती. तुम्ही दत्तकाचा कागद बनवला, नवल सही देईना. त्याची लेक होती ना. होळीला भांडण झालं आणि तो त्यातच गेला. तुम्ही त्याला गोठ्यात पुरलं, वर कोबा घातला. तेव्हापासून म्हशी बाहेर आहेत, कारण तुमची बायको त्या गोठ्यात पाय टाकत नाही. मेसेज तुम्ही करता, अर्जावरची सही तुम्ही केली. सगळं जमलं होतं. पण घरातली बाई मेलेल्याला जिवंत म्हणेल, त्याला तहानलेला ठेवणार नाही."

"मी खलबत्ताना दस्ता फेका फक्त," रुपचंद खाली बसत म्हणाला. "डोकामा लागना."

प्रमिलाबाई उंबऱ्यात आली. हाताला कणीक तशीच. "दीर व्हता मना. मी तोंड शिवी लिधं, ते पाप शे. पण उन्हायामा पानी बिगर कसा ठेवू त्याले?"

पुनम आत गेली आणि त्या मगावर हात ठेवून बसून राहिली. नानांना तिच्याकडे बघवेना.

चार वाजता पोलिसांनी कोबा फोडला.

रुपचंदला गाडीत बसवल्यावर नानांनी ओट्यावर बसून कागद काढला. 'मंगळवारी सैनिक माझ्यासमोर हजर नव्हता. मी खोटं लिहिलं.' खाली सही केली. यानं दीपकचा दाखला रद्द होणार होता आणि नानांचं केंद्रही जाणार होतं. ते जायलाच हवं, असं त्यांना वाटलं.

मग त्यांनी पुनमपुढे नवा अर्ज ठेवला. तिने वडिलांच्या नावाआधी 'कै.' लिहिलं आणि शेवटच्या ओळीवर पेन अडलं.

"सैनिकाची सही?"

"तिथे रेघ मार," नाना म्हणाले. "आता सही लागत नाही."

तिने रेघ मारली. गोठ्याकडून पांढऱ्या कापडात बांधलेला बाप चौघांनी उचलून अंगणात आणला. पावलं ऐकून खाटेवरून म्हातारीने पुन्हा विचारलं, "नवल उना का वं?"

"उना, आजी," पुनम म्हणाली.