सांड्यांचं मैदान

सतरा बिळं होती. शुभ्राने ती सोमवारी मोजली होती, आणि मंगळवारी पुन्हा, कारण सोमवारी मोजताना शार्दूल मध्येच बडबडला होता. बुधवारी सकाळी मोजली तेव्हा अकरा भरली.

"तू स्किप केलीस काही," शार्दूल म्हणाला. तो तिचा धाकटा भाऊ. पाचवीत जाणार होता आणि ताईची चूक काढायची संधी तो सोडत नसे.

"एखादं सुटेल. सहा कशी सुटतील?"

दुबईच्या जबल अलीतल्या त्यांच्या कॉलनीमागे खडीचं सपाट रान होतं. कुंपणापासून थेट आभाळाला टेकलेलं. ऊद मेथा भागातल्या त्यांच्या शाळेला सुट्टी लागल्यापासून शुभ्रा, शार्दूल आणि शेजारची सफा रोज सकाळी तिथे येत. सफा शुभ्राच्याच वर्गातली. सातवीची परीक्षा संपताच दोघींनी ठरवलं होतं, ही सुट्टी सांड्यांची.

सांडा म्हणजे घोरपडीचा चुलतभाऊ वाटावा असा प्राणी. इथले अरब त्याला धब म्हणतात. पाला खातो, कुणाच्या वाटेला जात नाही. शेपटीवर मात्र काट्यांची कडी असतात, एकामागे एक. थंडीत तो बहुतेक वेळ बिळातच काढतो आणि मार्च तापू लागला की रोज बाहेर येतो. पण माणूस हलला की गडप. बाबांच्या कॅमेऱ्यातल्या छत्तीसच्या रोलपैकी चौतीस फोटो झाले होते, आणि त्यातल्या निम्म्यांत, शुभ्राच्या अंदाजाने, सांडा एक क्षण आधी जिथे होता ती जागा होती.

"इकडे या," सफाने हाक मारली.

ती वाकड्याच्या बिळापाशी उभी होती. वाकड्या सगळ्यांत मोठा. त्याची शेपटी कधीतरी मोडून वाकडीच जुळली होती. तो मीटरभर लांब आहे असं शार्दूलचं म्हणणं, आणि निम्मासुद्धा नसेल असं सफाचं. त्यावरून दोघांचं रोज वाजायचं. आज तिथे बिळाचं अर्धचंद्रासारखं तोंड नव्हतं. करड्या सिमेंटची एक थाळी होती, घट्ट वाळलेली.

तशा सहा थाळ्या सापडल्या.

माती असती तर वाकड्याने उकरली असती. सिमेंट त्याला कुठून उकरणार? तिने दगड घेऊन ठोकून पाहिलं. दगड फुटला.

"पण करेल कोण असं? आणि व्हाय?" शार्दूल म्हणाला.

थाळीवर गोल ठसे होते, सिमेंट दाबून बसवल्याचे. प्रत्येक ठशाच्या कडेला बारीक वळ्या. शुभ्राने त्यांवरून बोट फिरवलं. या वळ्या तिने कुठेतरी रोज पाहिल्या होत्या. एकदम आठवलं तेव्हा तिला ते आठवायलाच नको होतं.

"शार्दूल, घरातून बाबांची बॅट आण."

बॅटच्या मुठीवर रबराची ग्रिप होती, वळ्यावळ्यांची. मूठ उलटी धरून ठशात टेकवली, तर बरोबर बसली. आणि ग्रिपच्या टोकाला करडी पूड अजून चिकटलेली होती.



गुरुवारी संध्याकाळी टीम शुभ्राच्या घरी जमली. शुक्रवारच्या सुट्टीला कॉलनीतले बाबालोक त्या रानात क्रिकेट खेळत. कॅप्टन उपेंद्रकाका, विकेटकीपर सफाचे अब्बा अलीमियाँ, आणि ओपनिंगला शुभ्राचे बाबा, म्हणजे सूर्यकांत.

"अगं, उंदरांची बिळं ती," शुभ्राने विचारताच उपेंद्रकाका म्हणाले. त्यांच्या घोट्याला क्रेप बँडेज होतं. "गेल्या शुक्रवारच्या कॅचला पाय गेला माझा त्यात. सोपा कॅच होता."

"सोपा असता तर मी घेतला असता," अलीमियाँ म्हणाले.

"त्यात सांडे आहेत, काका. जिवंत."

"दोन महिने खेळतोय आम्ही तिथे. एकाला तरी शेपूट दिसली का? रिकामी बिळं आहेत सगळी. उरलेली उद्या मॅच झाली की भरतो, खलास. साइटवरचं सिमेंटचं अर्धं पोतं अजून शिल्लक आहे."

"बाबा, रोल धुवून आणला की मी दाखवते."

"उद्या शुक्रवार. फोटोवाला शनिवारी," बाबा म्हणाले. त्यांनी प्रेमाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बॅटिंग ऑर्डरकडे वळले.

शुभ्रा गॅलरीत जाऊन उभी राहिली. दोन महिने खेळले आणि एकही दिसला नाही. तिने ते वाक्य मनात उलटंपालटं करून पाहिलं. आधी थंडी होती. आणि नंतर? ते खेळत होते, म्हणूनच दिसला नाही.

"सफा," ती आत येऊन हळूच म्हणाली, "तुझ्या अब्बांना टीमचा फोटो हवाय ना?"

"रत्नागिरीला पाठवायला. कधीपासून मागे लागलेत."

शुक्रवारी सकाळी मॅचआधी नव्या टोप्या घातलेले अकरा जण दोन रांगांत बसले. शुभ्राने त्यांना जागा आखून दिली होती. त्यांच्यासमोर दहा पावलांवर एक उघडं बीळ, बिळाच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर ती स्वतः, खडीवर पालथी, कॅमेरा डोळ्याला. बाजूला सफा थर्मामीटर जमिनीवर ठेवून बसली होती. तीन दिवस त्यांनी तपासलं होतं. जमीन बत्तीस अंशांना आली की सांडे डोकं काढत.

"लाइट अजून आला नाही," शुभ्रा म्हणाली. ते खोटं नव्हतं. "कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. दोनच फोटो उरलेत."

सफाने दोन बोटं दाखवली. अजून दोन अंश.

"माझ्या पायाला मुंग्या आल्यात," पहिल्या रांगेतून कुजबुज आली.

"पोट आत घे, उपेंद्र. रत्नागिरीचे लोक बघणार आहेत," अलीमियाँ ओठ न हलवता म्हणाले.

"अंकल, प्लीज," शार्दूलने दटावलं. अकरा माणसं गप्प झाली.

वारा पडला होता. सफाने मूठ मिटली.

बिळाच्या तोंडाशी काहीतरी काळं सरकलं. आधी बोथट नाक, मग एक डोळा. मग डांबरी रस्त्यासारखं काळपट अंग इंचाइंचाने उन्हात आलं, आणि शेवटी ती काट्यांची शेपटी. सांडा चारी पाय पसरून खडीला चिकटला आणि सूर्याकडे पाठ करून स्तब्ध झाला.

उपेंद्रकाकांचं तोंड उघडं राहिलं. शुभ्राला ते लेन्समधून दिसत होतं, सांड्याच्या मागे, थोडं धूसर.

मग त्याचा रंग बदलू लागला. काळ्याचा करडा झाला, करड्याचा मातकट. पाठीवर कुठूनसा पिवळा झिरपत आला आणि पसरत गेला. कुणी हळदीच्या हाताने त्याला चोळावं, पण हात मात्र दिसू नये, तसा. शुभ्राने हे चार वेळा पाहिलं होतं. तरी ती क्षणभर बटण दाबायचं विसरली.

"तिकडे," बाबा पुटपुटले. डावीकडे दुसरा होता. त्यामागे तिसरा, मान उंचावून. लेगस्लिपच्या जागी चौथा. ज्या रानात काहीच नाही असं सगळे समजत होते, ते रान त्यांच्याकडे पाहत होतं.

"या अल्ला," अलीमियाँ अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "आपण यांच्या घरावर खेळत होतो?"

शुभ्राने बटण दाबलं. खटका वाजला आणि सगळी डोकी एकदम गडप झाली. माणसं मात्र बसूनच राहिली.

बाबा सगळ्यांत आधी उठले. ते वाकड्याच्या बिळावरच्या थाळीपाशी गेले, बॅटच्या मुठीच्या ठशांकडे बघत राहिले. मग वळून म्हणाले, "मॅटचे खिळे आणा. आणि हातोडा."

काथ्याची मॅट जमिनीत ठोकायचे ते वीतभर लांब लोखंडी खिळे. त्यांची छिन्नी करून टीमने सहाही थाळ्या फोडल्या. टॉस झालाच नाही. घोट्याची पर्वा न करता उपेंद्रकाका पालथे पडून हाताने खडे उपसत होते. "पाचवीपासून सायन्स शिकलो," ते शुभ्राला म्हणाले, "पण गप्प बसून बघायचं कुणी शिकवलं नाही. ते तू शिकवलंस. शाब्बास पोरी." बाबांनी मॅटची गुंडाळी खांद्यावर घेतली आणि कुंपणाच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे चालू लागले, जिथे एकही बीळ नव्हतं. टीम मागोमाग निघाली.

संध्याकाळपर्यंत पाच बिळांशी शेपटी घासल्याच्या ताज्या रेघा उमटल्या. वाकड्याच्या बिळाशी काहीच नव्हतं. शनिवारीही नाही. रविवारीही नाही. शार्दूलने लांबीवरून भांडणं सोडून दिलं, आणि शुभ्राला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं. फोटोवाल्याकडे जायचं तिने टाळलं. रोलमध्ये एक फोटो तिने राखून ठेवला होता.

पुढच्या शुक्रवारी टीम मॅचआधी आपण होऊन येऊन बसली, टोप्या घालून, गुपचूप. शुभ्राने वाकड्याच्या बिळासमोर एक स्टंप आडवा ठेवला आणि पालथी पडली. पस्तीस अंश झाले. छत्तीस झाले. सफाने तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मग बिळाच्या अंधारात एक नाक दिसलं. त्याच्यावर सिमेंटची पांढरट पूड होती. तो फार हळू बाहेर आला, स्टंपला समांतर पसरला, आणि त्याची वाकडी शेपटी पिवळी व्हायला लागली. बाबांचे डोळे भरले, पण हलू नये म्हणून त्यांनी ते पुसले नाहीत.

छत्तिसावा फोटो.

सोमवारी प्रिंट हातात आली, तेव्हा शार्दूल आणि सफा पट्टी घेऊन तिच्या दोन्ही बाजूंना बसले. खरा स्टंप एकाहत्तर सेंटिमीटरचा. फोटोत तो आठ पूर्णांक नऊ भरला, आणि वाकड्या सात पूर्णांक दोन. शुभ्राने कागदावर त्रैराशिक मांडलं.

वाकड्या, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत: सत्तावन्न सेंटिमीटर.