रुळाची ऐरण

लग्नाच्या वाढदिवसाला प्रफुलनं बायकोला वीतभर रूळ आणून दिला, आणि माधवी सोन्याचा गोफ मिळाल्यासारखी नाचली. मोहर्लीत हसणारे हसले.

"चंद्रपूरच्या भंगारवाल्याकडून आणला," प्रफुल म्हणाला. "जंगलातल्या रेल्वेलाइनीचा हाय म्हणे. तुले ऐरण पाह्यजे होती ना?"

पाहिजेच होती. माधवी सहा वर्षं ताडोबाची गाइड. पावसाळ्यात जंगल बंद असलं की ती तांब्याच्या पत्र्यातून मोहाच्या पानाची लॉकेटं घडवायची. पण दगडी पाट्यावर ठोकून ती पानं कमी आणि पापड जास्त दिसायची. यंदा गेटजवळचं बचत गटाचं दुकान चालवणाऱ्या इंदुताईंनी शब्द दिला होता, "एक तारखेले गेट खुलते. त्याच्या आधी बारा नग आण. चांगले असले तं काचेच्या कपाटातला एक खण तुया नावाचा." बारा म्हणजे बारा, अकरा चालणार नाहीत, हेही त्यांनी बजावलं होतं. रोज पर्यटकांना दुसऱ्याची पावलं दाखवणाऱ्या माधवीला आपल्या हातचं, आपल्या नावाचं काहीतरी हवं होतं. फार हवं होतं.

दोघांनी त्या ऐरणीचा सणच केला. प्रफुल वेल्डर. त्यानं ग्राइंडरनं रुळाचं डोकं सपाट केलं, एका बाजूला गाजरासारखं निमुळतं टोक काढलं. मग माधवीनं पॉलिश पेपर हातात घेतला. आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक, असे चार दिवस. ऐरणीवर कणभर जरी उंचवटा राहिला, तरी तो ठोकताना पत्र्याच्या पाठीवर उतरतो. पाचव्या दिवशी त्या पोलादात भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची चौकट दिसायला लागली. बाभळीच्या ठोकळ्यावर ऐरण बसवून प्रफुलनं वरून बेअरिंगची गोळी सोडली. गोळी टुणकन उडाली आणि थेट त्याच्या हातात परत आली.

"जमली!" दोघं एकदमच ओरडली.

माधवीनं पहिला पत्रा तापवला, पाण्यात विझवला, ऐरणीवर ठेवला. हातोडी अशी चालली की विचारू नका. अर्ध्या तासात पान तयार, शिरा आणि देठासकट. खुशीत तिनं ते उलटं केलं. पाठीवर चिंचोक्याएवढा खोलगट डाग होता.

"कण राह्यला वाटते कुठी," ती पुटपुटली. भिंगातून बघितलं. उंचवटा असेल तर दिसावा म्हणून कार्बन पेपर घासून बघितला. ऐरण लख्ख होती. तरीही पुन्हा पॉलिश केलं.

दुसऱ्या पानाच्या पाठीवरही डाग आला, थोडा मोठा. आता तो ओळखता येत होता. खाली गादी, वर बोटं. पंजा.

पर्यटकांना ती रोज सांगायची: कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात, वाघाच्या नाही. वाघ नखं आत ओढून चालतो. बाहेर काढतो ती झडप घालताना. या ठशात नखं नव्हती. म्हणजे वाघच!

ती घाबरली असेल असं तुम्हाला वाटेल. छे! तिला आनंदानं भोवळ यायची बाकी होती. एवढा जिवंत पंजा छिन्नीनं कुणाच्या बापाला काढता आला नसता. भुताखेतांना तिच्या घरात लहानपणापासून थारा नव्हता. पोलादाचाच काही गुण असेल, कळेल पुढं कधीतरी. मोहाचं पान गेलं उडत, उलटी बाजू हीच आता सुलटी! प्रफुलनंही हौसेनं एक पत्रा ठोकून बघितला. पाठ कोरी. पंजा उमटायचा तो फक्त माधवीच्या हाताखाली. तिला तर आकाश ठेंगणं झालं.

अकरा नग झाल्यावर तिनं वारलूभाऊंना बोलावलं. माग कसा वाचायचा ते तिला या म्हाताऱ्या गाइडनंच शिकवलं होतं. त्यांनी अकराही पत्रे चटईवर ओळीनं मांडले, पहिल्यापासून. एकेकावर बोट ठेवत गेले.

"डावा, उजवा, डावा, उजवा," ते शेवटी म्हणाले. "एकच जनावर हाय. उजव्याले दर वेळी एक बोट नाई."

माधवीच्या हे लक्षातच आलं नव्हतं. "तुटकी?" तिनं विचारलं.

एक बोट तुटलेली ती वाघीण दोन वर्षांपूर्वी रेल्वेलाइनीकडे जाताना दिसली होती. त्यानंतर ना जंगलातल्या कॅमेऱ्यात आली, ना कुणाच्या बोलण्यात.

"पण भाऊ, पंजा दर पत्र्याले मोठा होऊन राह्यला, तो काऊन?"

"मोठा नाई होऊन राह्यला," वारलूभाऊ म्हणाले. "जवळ येऊन राह्यला."

ते उठले. चप्पल घालता घालता म्हणाले, "आता उजवा यीन. तू अकराच दे इंदुताईले."

पण गेट उद्या उघडणार होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं कोण सोडून देईल? शिवाय ती गाइड. पुढचं पाऊल दिसणार असेल तर तिचे पाय थांबत नसत.

दुपारी तिनं बारावा पत्रा ऐरणीवर ठेवला.

हातोडी हलकी झाली होती. आदळून आपली आपणच वर येत होती, आधीपेक्षा जरा उंच. माधवी हसत होती. हात थांबवावासा वाटत नव्हता.

बाहेर मोहावरच्या वानरांनी एकदा, वाघ दिसल्यावर देतात तसा, खर्रकन आवाज दिला. मग वानरंही गप्प झाली.

तिनं पत्रा उचलला आणि उजेडासाठी दाराशी नेला. हातभर ऊन होतं. तळहाताएवढ्या पत्र्यात पंजा मावत नव्हता, कडांपर्यंत भरला होता. काय सुंदर!

हातोडी थांबलेली ऐकून अंगणातून प्रफुल धावत आला. पत्रा हातात घेऊन त्यानं फिरवून बघितला.

"वा! हा तं सगळ्यात भारी," तो म्हणाला. "पण बोटाइच्या पुढं हे तीन टोचे काऊन मारले?"

माधवीनं टोचे मारले नव्हते.

उजेडाच्या नादात ती दाराकडे तोंड करून उभी होती. ऐरण तिच्या पाठीशी होती.