दहावी सूचक

श्रीरंगरावांना सरकार नकोच होतं असं नाही. त्यांना ते थोडंसंच हवं होतं. रस्ता असावा, पोलीस असावा, कोर्ट असावं, आणि बाकी कशात सरकारनं नाक खुपसू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. जे. पी. नगरातल्या एक्केचाळीस नंबरच्या घरात ते वर्षानुवर्षं हे म्हणणं एकुलत्या एका मुलीला, अक्षराला, ऐकवत आले होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा ऐकायला दुसरं कुणी नव्हतंही. यंदा अल्पशासन पक्षानं त्यांना विधानसभेचं तिकीट दिलं. तिकीट दिलं म्हणजे काय, पक्षात उभं राहायला आणखी कुणी तयारच नव्हतं. निशाणी मिळणार होती कैची.

अक्षरानं ऑफिसातून रजा काढली आणि प्रचाराची सगळी सूत्रं हातात घेतली. बापाचं राजकारण तिला अर्धंच पटायचं, पण बाप पूर्ण पटायचा. "अप्पा कधी खोटं लिहून देत नाहीत," असं ती दारोदार सांगायची, आणि ते खरंही होतं. तीस वर्षं कारखान्यात मापं तपासलेला माणूस. सुताचा फरक पडला तरी सही करायचा नाही. अर्ज लिहायचा तर एका ओळीत, ही त्यांची दुसरी ख्याती. सरकारला दुसरी ओळ वाचायला लावू नये, असं ते म्हणत.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता ते निवडणूक कचेरीबाहेर बाकावर बसले होते आणि घामानं निथळत होते. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. त्यांच्यासारख्याला त्याच मतदारसंघातले दहा लागतात. नऊ जणांच्या सह्या झाल्या होत्या. दहावे, बेचाळीस नंबरचे डेंटिस्ट, ऐनवेळी मेहुण्याच्या दडपणानं फिरले. फोनही उचलेनात. तीन वाजता खिडकी बंद होणार होती.

"अण्णा, एक सही कमी पडते ना? मी करते की."

पुढ्यात साठीच्या एक बाई उभ्या होत्या. पिस्ता रंगाची साडी, घड्या अगदी ताज्या. डावा डोळा अर्धवट मिटलेला.

"आपण?"

"सकवारबाई. तुमच्या बाजूचीच. एक्केचाळीस बाय एक."

बाईंनी मतदार ओळखपत्र पुढं केलं. अक्षरानं फोनवर यादी उघडली. नाव होतं, फोटो होता, अनुक्रमांक अक्षराच्या नावानंतरचाच होता. घर क्रमांक ४१/१. मागच्या गल्लीत कुणी मागची खोली भाड्यानं दिली की असला नंबर पडतो, हे श्रीरंगरावांना ठाऊक होतं. घड्याळात दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माप न घेता कागद पुढं सरकवला.

अर्ज दाखल झाला. त्यांना इतकं हायसं वाटलं की कचेरीच्या पायरीवरच त्यांनी दोन ग्लास उसाचा रस प्यायला. सकवारबाईंना रसाचं विचारावं म्हणून वळले, तर त्या निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी छाननीत एका अपक्षाच्या वकिलानं हरकत घेतली. दहावी सही बनावट आहे, अशी कुणी बाई त्या भागात राहत नाही. निवडणूक अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून श्रीरंगरावांकडे पाहिलं. "तुम्ही यांना ओळखता?"

"शेजारी राहतात," श्रीरंगराव म्हणाले. तसं त्यांनी लिहूनही दिलं.

"मी इथंच आहे, साहेब," दाराजवळून आवाज आला.

तीच पिस्ता साडी. घड्या तशाच ताज्या. अधिकाऱ्यांनी ओळखपत्रावरचा फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. तसले फोटो घाईत काढतात, त्यात कुणाचा डोळा मिटतो, कुणाचे केस विस्कटतात. फोटोतल्या बाईंचा डावा डोळा अर्धा मिटला होता आणि कपाळावर एक बट आली होती. समोरच्या बाईंच्याही कपाळावर तीच बट होती, त्याच जागी. हे फक्त अक्षराला दिसलं. अधिकाऱ्यांनी सही करून घेतली, जुळवली, शिक्का मारला. अर्ज वैध ठरला. श्रीरंगरावांनी मुलीचा हात घट्ट दाबला.

संध्याकाळी ते म्हैसूरपाकाचा डबा घेऊन सकवारबाईंचे आभार मानायला निघाले. मागच्या गल्लीत एक्केचाळीस बाय एक नव्हतं. तिथली एक कानडी अक्का म्हणाली, "असा नंबरच नाही, सार." मग ते आपल्याच दारात परतले आणि उभे राहून बघू लागले. डावीकडे चाळीस. मग आपलं एक्केचाळीस. उजवीकडे डेंटिस्टचं बेचाळीस. आपल्या आणि त्यांच्या भिंतीत एक वीत जागा, तीतून मांजरसुद्धा आडवं होऊन जायचं. त्यांनी टेप आणून साइट, म्हणजे घराचा प्लॉट, मोजली. तीस बाय चाळीस फूट, ना कमी ना जास्त.

"अप्पा, जाऊन सांगून टाकू या," अक्षरा म्हणाली.

"काय सांगायचं? बाई आली, सही केली, अधिकाऱ्यानं मानली."

"ती तिथं राहत नाही. तिथं राहायला जागाच नाही. आणि तुम्ही लिहून दिलंय."

"तेव्हा मला कुठं ठाऊक होतं?"

"आता आहे ना."

श्रीरंगराव टेप गुंडाळू लागले. सांगितलं तर उमेदवारी जाणार, आणि वर फसवणुकीचा ठपका. नाही सांगितलं तर मुलीच्या नजरेला नजर कशी द्यायची? ते म्हणाले, "मतदान होऊ दे. मग सांगतो."  अक्षरानं प्रचार सोडला नाही, पण दारोदार जाताना 'अप्पा कधी खोटं लिहून देत नाहीत' म्हणणं तिनं बंद केलं. त्यांना ते लागलं.

मतदानाच्या आठवडाभर आधी बसवंत मास्तर मतदारांच्या चिठ्ठ्या वाटायला आले. शाळेत शिकवायचे आणि निवडणूक आली की बूथचं काम बघायचे. श्रीरंगरावांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मास्तर, एक्केचाळीस बाय एकची चिठ्ठी?"

"आत्ताच दिली की. अक्कांनी कॉफी पाजली." मास्तरांनी वही दाखवली. समोर सही होती.

"कुठं दिली?"

मास्तर हसले. "दारात, सार. अजून कुठं?" आणि ते स्कूटरला किक मारून गेले.

त्या दुपारपासून आवाज येऊ लागले. अक्षराची खोली बेचाळीसच्या बाजूला होती. भिंतीपलीकडे कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. कढीपत्त्याची फोडणी पडायची. डेंटिस्ट तर महिन्यासाठी अमेरिकेला गेले होते, घराला कुलूप होतं. अक्षरानं एकदा भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. भिंत कोमट होती. पलीकडे चूल असली म्हणजे असते तशी.

मतदानाच्या दिवशी ती बूथवर बापाची प्रतिनिधी म्हणून बसली. सकाळपासून जागची हलली नाही. दुपारी तिनं यादी बघितली, तर सकवारबाईंच्या नावावर रेघ मारलेली होती. मतदान झालं होतं. बाईंना आत येताना तिनं पाहिलं नव्हतं.

निकाल लागला. श्रीरंगरावांना सहाशे चौदा मतं पडली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि श्रीरंगरावांना मात्र मणभर ओझं उतरल्यासारखं वाटलं. आता गमवायला काही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज लिहिला, नेहमीसारखा एका ओळीत.

'माझ्या साइटवर एकच घर असून यादीत दोन घरांची नोंद आहे, तरी चौकशी करून एकच ठेवावी.'

खिडकीतल्या कारकुनानं वाचून विचारलं, "कुठली ठेवायची, सार?"

"चौकशी करा ना," श्रीरंगराव खुशीत म्हणाले. "जी खरी असेल ती ठेवा. सगळं मीच सांगायचं तर तुम्ही कशाला?"

कारकुनानं शिक्का मारला. घरी येऊन त्यांनी अक्षराला पोचपावती दाखवली. तिनं एकदा वाचली, पुन्हा एकदा वाचली. कपाळाला बारीक आठी पडली, पण मग तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "बरं केलंत, अप्पा," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी दोघं पोटभर जेवले.

चौकशी मंगळवारी सकाळी अकराला ठरली, बसवंत मास्तर येणार होते. अक्षरा ऑफिसला गेली होती. श्रीरंगरावांनी दाढी केली, घराची सगळी कागदपत्रं टेबलावर मांडली आणि दार सताड उघडं ठेवून बसले.

अकरा वाजले. साडेअकरा. कुणी आलं नाही.

पावणेबाराला भिंतीपलीकडून बसवंत मास्तरांचा आवाज आला. "नाही अक्का, स्वल्पच द्या, अर्धाच कप. सकाळपासून चौथी कॉफी." मग टेप ओढल्याचा आवाज, कुठंतरी आकडे सांगितल्याचा आवाज. मग खुर्ची सरकली. "सरी अक्का, बरंय, झालं. येतो."

श्रीरंगराव धावत फाटकापाशी गेले. रस्त्यावर मास्तरांची स्कूटर वळणावर दिसेनाशी होत होती. त्यांनी हाक मारली. मास्तरांनी मागं पाहिलं नाही.

चार वाजता फोनवर संदेश आला. 'आपला अर्ज मान्य. एकच नोंद ठेवण्यात आली आहे. प्रकरण निकाली.'

श्रीरंगरावांनी तो तीनदा वाचला. मग पायरीवर मटकन बसले आणि मोठ्यानं हसले. सुटलो, त्यांच्या मनात आलं. पलीकडचे आवाज थांबले होते. किती दिवसांनी घर इतकं शांत होतं. फोन करून मुलीला सांगावं म्हणून त्यांनी नंबर फिरवला, पण लागेना. हरकत नाही, साडेपाचला येईलच. त्यांनी तिच्यासाठी उप्पीट करायला घेतलं.

साडेपाचला तिची गाडी गल्लीत आली. ते हात पुसत पायरीवर आले.

अक्षरानं हेल्मेट काढलं. फाटकापाशी आली आणि थांबली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तिची नजर त्यांच्या अंगावरून गेली आणि तशीच पुढं सरकली.

"अक्षरा," ते म्हणाले. "अगं, निकाली निघालं!"

ती चाळीसच्या फाटकापर्यंत गेली. परत आली. बेचाळीसपर्यंत गेली. परत आली. ओठ हलत होते. ती नंबर मोजत होती. डोळ्यांत पाणी तरळलं. तिनं फोन कानाला लावला. त्यांच्या खिशातला फोन वाजला नाही.

"अक्षरा!" ते ओरडले आणि फाटकाकडे धावले. फाटकाची कडी हाताला लागत होती, निघत नव्हती.

तेवढ्यात अगदी जवळून, त्यांच्या उजव्या हाताशी, एक दार उघडलं.

"आलीस का गं? किती उशीर," सकवारबाई म्हणाल्या. "ये, हातपाय धू. गरम आहे तोवर खाऊन घे."

अक्षरा वळली. तिनं त्या दाराकडे पाहिलं. क्षणभर गोंधळली, आणि मग तिचा चेहरा उजळला. लहानपणी गर्दीत चुकली की आपलं माणूस दिसल्यावर जशी निवायची, तशी ती निवली.

"बाई गं, घाबरलेच होते मी," ती हसत म्हणाली. "आपलं घरच सापडेना."

तिनं चपला काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या, आणि आत गेली.