कुशाबा सोमा मेस्त्री, हजर

ईश्वराला साक्ष ठेवून सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. छपन्न साली त्या कोर्टात मी एकटाच गेलो होतो. म्हणजे एकटा कसला, लालबागच्या आमच्या चाळीतले अकरा जण होतो, शिवाय पोलीस. ते सोडा. बाकी सगळं खरं.

जमावबंदी मोडायची, संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा द्यायच्या, पोलिसांच्या गाडीत चढायचं आणि पाच-सात दिवस आत राहून यायचं, असं तेव्हा चाललं होतं. खरं नाव कोण सांगतो? एकाने नाव सांगितलं विठोबा, बापाचं पुंडलिक, राहणार वीट. हवालदारानेही मान खाली घालून लिहून घेतलं. मी सांगितलं, कुशाबा सोमा मेस्त्री.

कुशाबा माझा शेजारी. गिरणीत रातपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. छातीत कापूस बसलेला, त्यामुळे बोलण्याआधी दोनदा खाकरायचा. मी गॅलरीत गोष्ट रंगवावी, बायाबापड्या डोळे फाडून ऐकताहेत, आणि नेमकं आतून यायचं, खोक्, खोक्. "नानानू, थापा मारतास! एक तरी खरी सांगा मरे!" झालं. सगळे फिदीफिदी हसत उठून जायचे.

कोर्टाचं नाव सांगत नाही, तिथं अजून काम चालतं. फोर्टातली दगडी इमारत, भरदुपारी आत दिवे लावावे लागत. एका लांब बोळात आम्हाला बाकावर बसवलं. पुढच्या टोकाला न्यायाधीशांची खोली. मागच्या टोकाला लोखंडी जाळीचं दार, त्याला गंजकं कुलूप, आणि पलीकडे खाली काळोखात उतरत गेलेला जिना. तिकडून ओल्या चुन्याचा आणि कुजलेल्या कागदांचा वास येत होता.

घोषणा देऊन देऊन घसे बसले होते. सगळे गप्प. आणि हाक आली. लांबवलेली, दमलेली...

"कुशाबा... सोमा... मेस्त्री... हाजिर हो..."

धांदलीत माझ्या तोंडातून निघून गेलं, "हजर!"

हाक मागून आली होती.

समोरच्या दारात बुधाजी पट्टेवाला यादी हातात धरून उभा होता. त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं. तो जवळ आला. कुजबुजत म्हणाला, "कोण बोललं?"

"मी."

"अरे देवा... माझ्या आधीचा पट्टेवाला त्या जिन्यावरनं पडून मेला, पुकारा करता करता. अजून पुकारतो तो. त्याला कुणी हजर म्हटलं, की ज्याचं नाव, त्याला जावं लागतं."

मला हसू आलं. "मग मला काय होतंय? माझं नाव कुशाबा नाहीच."

बुधाजी हसला नाही. "मग... कुशाबा कुठाय?"

"घरी. झोपलाय."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. मंगळवार होता.

पाच दिवसांनी सुटून आलो. कुशाबाची बायको शेवंती उंबऱ्यात बसली होती. कपाळ पुसलेलं.

"मंगळवारी दुपारी झोपेतसून उठले. 'इलंय, इलंय' करीत. हात धरलंय, तर बर्फासारखो गार. 'सोड, पुकारो झालो,' म्हणाले. चपला पण घालूक नाय."

लालबागपासून फोर्टापर्यंत तो अनवाणी चालत गेला होता. त्या जिन्याच्या तळाशी सापडला. तळपाय सोललेले. वरच्या कुलपाचा गंजही हललेला नव्हता.

"तुमी थंयच होतास ना, नाना? दिसले काय ओ?"

"नाही, वहिनी."

महिना-दोन महिने मी गप्प राहिलो. पुढे राहवेना. एवढी गोष्ट हाताशी, आणि गिळून बसायचं? गॅलरीत सांगितली. नावगाव बदललं, मेला तो माणूस गिरगावचा केला. काय सांगू, एकही जण जागचा उठला नाही. एकानेही थाप म्हटलं नाही. फक्त एक चूक झाली. दोनदा खाकरण्याची नक्कल काही मला सोडवली नाही. शेवंती नळावरून येत होती. कळशी तशीच कमरेवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

त्यानंतर चार वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. यंदा मे महिन्यात राज्य झालं, चाळीवर रोषणाई झाली, आणि ती दारात येऊन म्हणाली, "नाना, माका ता कोर्ट दाखवा."

नाही कसं म्हणणार? मंगळवारी गेलो. तोच बोळ, तोच बाक, तोच वास. दोन वाजून गेले. मागच्या काळोखात कुणीतरी खाकरलं. खोक्, खोक्.

"नारायण... बाबाजी... पेडणेकर... हाजिर हो..."

हे माझं खरं नाव. त्या कोर्टात मी ते कधीच सांगितलं नव्हतं. मी ओठ दाताखाली घट्ट धरले. शेजारी शेवंतीने पदर सावरला, शांतपणे घसा मोकळा केला आणि तोंड उघडलं... मी तिच्या तोंडावर हात दाबला. तशीच ओढत तिला रस्त्यावर आणली. ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

आज पुन्हा मंगळवार. शेवंती सकाळीच एकटी बाहेर पडलीय, तिच्या दाराला कुलूप आहे. मी भिंतीला पाठ लावून हे लिहितोय, पायांत चपला आहेत का हे दर ओळीला बघतोय. आत्ताच भिंतीपलीकडे, त्या कुलूपबंद खोलीत, कुणीतरी खाकरलं. दोनदा.

बरं बाबा, सांगतो. ते 'धांदलीत निघून गेलं' हे मी रचलेलं. त्या आधीच्या महिन्यातही मी सत्याग्रहात धरला गेलो होतो. तेव्हाच बुधाजीने त्या हाकेचं सगळं मला सांगितलं होतं. हवालदाराने नाव विचारलं, तेव्हा मी अर्धा मिनिट विचार केला. मग कुशाबाचं सांगितलं. आणि बाकावर बसून मागच्या हाकेची वाट बघत राहिलो.

तोच म्हणायचा ना, एक तरी खरी सांगा.

दोन वाजून आठ मिनिटं झालीत.