घोटाला बांधलेली चव

चौऱ्याहत्तरावा चमचा जिभेवर ठेवताना स्पृहाला एकदम हसू आलं.

"काय झालं?" काचेपलीकडून डॉ. सानिका उमप यांनी विचारलं.

"बाळानं लाथ मारली. याला पसंत नाही वाटतं."

"त्याच्या चवींचा लेख आपण तीस वर्षांनी काढू. आज तुमचा. आधी गिळा, मग श्वास सोडा. घाई नको."

स्पृहाने डोळे मिटून गिळलं. तिच्या कपाळावरच्या पातळ पट्टीतल्या गंधवाचकाने मेंदूतली हालचाल टिपली आणि पडद्यावर दोन रेषा पुढे सरकल्या, एक निळी, एक तांबडी.

'मूळचव' हे नागपूरच्या धरमपेठेतलं रेस्टॉरंट बाहेरून चारचौघांसारखंच होतं. पांढरं कापड घातलेली टेबलं, खिडकीत कढीपत्त्याच्या कुंड्या, अदबीनं बोलणारी माणसं. फरक एवढाच, की रविवारी सकाळी ब्रंचला आलेल्या पाहुण्याची चव इथे वाचली जाई आणि त्या वाचनातून तयार झालेलं ताट त्याच दिवशी साडेसातला, डिनरला समोर येई. लोक पाच-पाच महिने नंबर लावून बसत. कुणाला आजोळचं पिठलं हवं असे, कुणाला बंद पडलेल्या कँटीनमधला वडा. स्पृहाने मात्र अर्जात लिहिलं होतं, 'जन्माआधीचं काहीही.'

बाहेर टेबलाशी तिची आई, रूपाली ढोमणे, कुरकुरीत थालीपीठ मोडत बसली होती. वय त्रेसष्ट, अंगावर निळी इरकल, आणि सकाळपासून तोंडाला कुलूप. स्पृहा काचेच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा कुठे ते उघडलं.

"मला कशाला आणलंस व इथं? एवढं महागाचं खाणं आणि खाणारी मी. गरम, गार, मऊ, कडक. झालं!"

"आंबट-खारट राहिलं की, आई."

"ते जिभेचं. बाकी सगळं नाकाचं, आणि माझं नाक बाराव्या वर्षीच गेलं. तापात." हे शेवटचं तिने सानिकाला सांगितलं. "पन्नास वर्षं स्वयंपाक केला, घरी आणि खानावळीत, पण मी काय शिजवलं ते मला कधी कळलं नाही."

"म्हणून आमच्या घरी लसूण कायम काळा," स्पृहा म्हणाली. "ऑफिसात माझा डबा न उघडता ओळखतात."

"नावं ठेव. चाटूनपुसून खातेस ते कोण?"

सानिका हसल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. आईने थालीपीठाचा तुकडा खाली ठेवला.

"डॉक्टर, एक विचारू? पोटातल्या पोराला खरंच चव कळते?"

"कळते. पाचव्या महिन्यापासून बाळ भोवतालचं पाणी गिळायला लागतं. आई जे जेवते त्याचा वास-स्वाद काही तासांत त्या पाण्यात उतरतो. लसूण, ओवा, बडीशेप, सगळं. बाळ घोट-घोट तेच पितं, आणि मेंदू टिपून ठेवतो."

"पण मग ती जन्मल्यावर खाल्लेलं सगळं त्यात मिसळलं नसेल का? एकतीस वर्षांचं?"

"तीच तर खुबी आहे. आपण चव म्हणतो तो बहुतेक वासच असतो आणि तो आपल्याला श्वास सोडताना कळतो. म्हणून जन्मानंतर शिकलेली प्रत्येक चव श्वासाला बांधलेली असते. पोटातल्या बाळाच्या नाकात हवाच नसते. तिथे शिकलेली चव घोटाला बांधली जाते. मोठेपणी ती समोर आली, तर मेंदू श्वासाची वाट बघत नाही. गिळल्या क्षणी ओळखतो." त्यांनी पडद्यावरची तांबडी रेष दाखवली. "निळी श्वासाची, तांबडी घोटाची. या तांबड्या रेषेला आम्ही जन्मपूर्व रुचिलेख म्हणतो."

आई त्या तांबड्या रेषेकडे बघत राहिली. मग पाण्याचा ग्लास उचलून एका दमात रिकामा केला.

स्पृहाला सहाव्या वर्षापासून माहीत होतं, की ती दत्तक आहे. आईबाबांनी ते कधी लपवलं नाही. यवतमाळच्या ज्या संस्थेतून ती आली ती पुढे बंद पडली, कागद मोहोरबंद झाले, आणि जन्म देणारीचं नाव त्यांच्यातच राहिलं. नाव नाही मिळालं तरी चालेल, असं स्पृहा स्वतःला समजावत आली होती. पण स्वतःला सातवा महिना लागला, उलट्यांनी जीव नको झाला, तरी बाळासाठी म्हणून रोज चार घास ढकलायला लागली, तेव्हापासून एक प्रश्न तिला झोपू देत नव्हता. तिनेही माझ्यासाठी असे चार घास खाल्ले असतील का? की मी तिला नकोच होते, पोटात होते तेव्हापासूनच? बाबा आता नव्हते, आणि आईला विचारलं की आई म्हणायची, "मला काय ठाऊक?" आणि उठून कपडे वाळत घालायला जायची. वाळलेले असले तरी.

साडेसातला दोघी परत आल्या तेव्हा टेबलाशी सानिकाबरोबर आणखी एकजण उभा होता. मुख्य आचारी हर्षल राऊत, ज्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर ताजे फोड होते.

"आधी चांगली बातमी," सानिका म्हणाल्या. "तुमचा लेख भरलेला आहे. ज्यांना गर्भारपणात नीट खायला मिळालं नाही त्यांच्या बाळांची तांबडी रेष जवळजवळ सपाट येते. तुमची तशी नाही. पाचव्या महिन्यापासून ती अशी वर चढलीय, की रोज, न चुकता, कुणीतरी जेवलंय."

स्पृहा खुर्ची ओढून बसली.

"आणि रोज तेच. आंबाडीची भाजी. घरी खाता तुम्ही?"

"आंबाडी? कधीच नाही. आमच्याकडे आणतच नाहीत."

"बरोबर. निळ्या रेषेवर तिचा मागमूस नाही. ती फक्त पोटातली. पण एक टोक मला खटकतंय. करपलेला लसूण. तो निळ्या रेषेवर आहे, ते समजू शकते, सकाळी तुम्हीच सांगितलंत. पण तो तांबडीवरही दिसतोय. माझं मत, वरच्या, जन्मानंतरच्या थरातून खाली झिरपला. यंत्राची चूक. मी हर्षलना म्हटलं, काढून टाका."

"आणि मी काढला नाही," हर्षल म्हणाला.

"यांचं आणि माझं दुपारपासून भांडण चालू आहे."

"मॅडम, झिरपला असता तर पुसट दिसला असता ना? हा आंबाडीइतकाच ठसठशीत आहे. एकाच ताटातला आहे तो." हर्षल स्पृहाकडे वळला. "आणि दुसरं सांगू? माणसाचा लसूण चुकून करपतो तेव्हा आज कमी, उद्या जास्त करपतो. लेखावर त्याचा पसरट डोंगर दिसायला हवा. हा सुईसारखा आहे. चार महिने, रोज, एकाच टप्प्याला करपलाय. मी दुपारपासून सतरा वेळा लसूण जाळला. तापमापक लावून. तो टप्पा दोनदाच सापडला. वासावर जाणारा स्वयंपाकी त्याच्या आधीच हात आवरतो. हा कुणीतरी वासानं नाही, वेगळ्याच कशानं तरी मोजत होता. कशानं, ते मला कळलेलं नाही."

त्याने झाकण उचललं. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली हिरवी भाजी, बाजूला भाकरी, आणि वरून घातलेल्या तेलात काळ्याभोर पाकळ्या.

स्पृहाने घास घेतला. चावला. गिळला.

वास नाकात पोचायच्या आधीच काहीतरी झालं. आयुष्यात न खाल्लेली भाजी, आणि घसा तिला ओळखत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटातून मळमळ वर आली नाही. उलट भूक आली, लख्ख, पोरासारखी. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि मग आईकडे पाहिलं.

आईनेही घास घेतला होता. तिला वास येणार नव्हता. पण आंबटपणाला नाक लागत नाही. तो जिभेवर पोचला होता आणि आई भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसली होती.

आंबाडी पोटातली. लसूण त्याच ताटातला. वासाशिवाय मोजलेला. स्पृहाचा चमचा अर्ध्यावर थांबला.

"आई, तू लसूण कधी काढतेस गं?"

आईने वर पाहिलं नाही. "तडतड थांबली की."

"आवाज!" हर्षल पुटपुटला. "पाकळीतलं पाणी संपलं की तडतड थांबते. पाणी संपण्याचा क्षण रोज तोच... मॅडम, तापमापक कशाला लागतोय!"

त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"आई," स्पृहा हळू म्हणाली, "मी दहा महिन्यांची असताना तुझ्याकडे आले ना?"

"हो."

"मग मी जन्मायच्या आधी तुझा लसूण माझ्यापर्यंत कसा आला?"

आईने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. पदराने तोंड पुसलं, मग डोळे.

"असं काऊन पाहतेस? सांगते. यवतमाळला माझी खानावळ होती, तुला माहीत आहे. त्या संस्थेचे डबे माझ्याकडून जायचे. मीच पोचवायची, स्कूटीवर. अकरा डबे. त्यातला एक आठ दिवस भरलेलाच परत आला. मी विचारलं, कोण जेवत नाही? एकोणीस वर्षांची पोर होती. पाचवा महिना. भिंतीकडे तोंड करून पडलेली. म्हटलं, बाई, डोहाळे कशाचे लागलेत? कुणी तिला ते विचारलंच नव्हतं तोवर. रडायलाच लागली. मग म्हणाली, आंबाडी."

"आणि तू रोज..."

"रोज. हंगाम सरला तेव्हा वाळवलेल्या पाल्याची. ओकायची बिचारी, परत खायची. म्हणायची, ताई, मला नको वाटते, पण हिला हवी आहे. मुलगीच होणार म्हणायची."

स्पृहाने दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

"संस्थेतून जायच्या दिवशी भेटली. म्हणाली, तिला माझं नाव सांगू नका. फक्त एवढं सांगा, की पोटात होती तेव्हा उपाशी ठेवली नाही. मग तुझ्यासाठी मी आणि बाबांनी अर्ज केला. नाव मी कधी सांगणार नाही, शब्द आहे माझा. पण दुसरं सांगायला हवं होतं. एकतीस वर्षं भ्यायले. म्हटलं, ती मनात आली, की मी जाईन. म्हणून आंबाडी घरात आणली नाही. केली असती तर तुला आवडली असती. तू विचारलं असतंस, आणि मी बोलून बसले असते."

"वेडी आहेस तू," स्पृहा म्हणाली. ती रडत होती आणि तोंडात घासही होता. "मी इथे दुसरी आई शोधायला आले होते. चार महिने ती खात होती आणि तू भरवत होतीस. तुम्ही दोघी आधीपासून एकत्रच होता की."

सानिकांनी पडद्यावरची तांबडी रेष पुन्हा उघडली होती. "म्हणजे यंत्र चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "काय खाल्लं, एवढंच आम्ही विचारत आलो. कुणाच्या हातचं, तेही त्यात होतं."

आईने नाक ओढलं, आणि मग नेहमीसारखी खुर्चीत ताठ बसली. "डॉक्टर, ही आता जे जेवतेय, ते आतलं लेकरू टिपतंय का?"

"काही तासांत त्याच्यापर्यंत पोचेल. घोट-घोट."

"मग हे चालायचं नाही." तिने ताटातली एक काळी पाकळी दोन बोटांत धरून चुरडली. "कडा जळल्यात, आत मऊ आहे. हे माझं नाही. पोराला चुकीचं शिकवू नका. तुमचा गॅस कुठं आहे?"

हर्षलने तिच्यासाठी स्वयंपाकघराचं दार धरलं.

आत सात-आठजण कामात होते. आईने इरकलचा पदर खोचला, कढईत तेल घातलं, पाकळ्या ठेचल्या आणि सोडल्या. मोठा आवाज झाला. वर धुराडं घरघरत होतं. तिने मान वर करून त्याच्याकडे रागाने पाहिलं.

"हे बंद करा. आणि गप्प राहा सगळे."

हर्षलने बटण दाबलं. सुऱ्या थांबल्या, नळ बंद झाला. दारात स्पृहा पोटावर हात ठेवून उभी होती. सगळं रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर श्वास धरून एका कढईकडे कान देऊन उभं राहिलं. तडतड दाट होती, मग विरळ झाली, मग एकेकट्या थेंबासारखी.

मग थांबली.

"आता," आई म्हणाली.