भरीव भिंत

पटो न पटो, यात पदरचा एक शब्दही नाही.

फेब्रुवारी १९९६. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या माळावरचं साडेतीनशे वर्षांचं दगडी घर. दुपारचे साडेचार, पण उजेड विझत आलेला.

मी आणि माझे सासरे अमोस थॅकरे, दोघंही गवंडी. मालकीणबाई मिस पिकर्सगिल यांना स्वयंपाकघर आणि दूध-लोणी ठेवायच्या जुन्या दूधकोठीच्या मधल्या भिंतीत दार हवं होतं. भिंत तीन फूट जाड.

मी अंगणात चुना कालवत होतो. सासरे आत, स्वयंपाकघराच्या बाजूनं, हातोडीनं भिंत ठोकत होते, पोकळ कुठे लागतंय ते बघायला.

अचानक ओरडले, "जावईबापू, पोरकटपणा पुरे! पलीकडून ठोकू नका!"

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. "मामा, मी तर इकडे आहे."

त्यांनी मग तीनदा ठोकलं.

टक... टक... टक...

भिंतीतून उत्तर आलं.

तीनदाच.

मी धावत बाहेरून दूधकोठीकडे गेलो. कुलूप मीच काढलं. आत कुणी नव्हतं.

"उंदीर असेल," परत येऊन मी म्हणालो.

"उंदराला मोजता येतं होय?"

आवाज ऐकून मालकीणबाई धावत आल्या. "अहो, आत कुणी अडकलं असेल! फोडा ना!"

फोडली. दगडामागून दगड काढला. मध्ये ठासून भरलेली खडी आणि माती.

मुठीएवढीही पोकळी नाही.

भिंत आरपार उघडली...

आणि उरलेल्या भिंतीतून पुन्हा टकटक. या वेळी कुणीच ठोकलं नव्हतं.

सासऱ्यांनी भगदाडाच्या कडेला कान लावला. बराच वेळ.

"मामा, काय ऐकू येतंय?"

ते हत्यारं तिथंच टाकून गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं ते भगदाड बुजवलं. बाईंनीच सांगितलं तसं.

सासऱ्यांनी पुन्हा हातोडी धरली नाही. दोन वर्षांनी गेले.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शेवटी महिनाभर पलंग खोलीच्या मधोमध ठेवायला लावला यांनी. म्हणायचे, 'भिंतीला लागू देऊ नकोस गं... त्याला कळेल मी कुठंय.'"

"कुणाला?"

सासूबाई उठून आत गेल्या.

मी अजून हेच काम करतो. भिंत ठोकून बघावीच लागते.

पण ठोकलं की लगेच मोठमोठ्यानं काहीतरी बोलत सुटतो...